बेसची बाई पडत नाही

रोहिणी जंगम पडलीच नाही, असं उत्सव सुरक्षा मंडळाचं ठाम मत होतं.

मंडळाच्या थंडगार सभागृहात अध्यक्ष देवस्थळींनी ते मत वाचून दाखवलं. आवाजात खेद होता, पण कडक इस्त्री केलेला. यंत्राच्या नोंदीनुसार सदर महिला अपघाताच्या क्षणी दोन्ही पाय जमिनीवर रोवून उभी होती. तिचं पतन झालेलं नाही. सबब हा प्रकार ‘पतन’ या व्याख्येत बसत नाही आणि ‘झेल’ ही सुरक्षायंत्रणा निर्दोष ठरते. पुढच्या गोकुळाष्टमीपासून ती राज्यातल्या सगळ्या गोविंदा पथकांना सक्तीची होईल.

“मग तिची मान कशी मोडली?” वैजयंती घागने विचारलं.

तो वैद्यकीय प्रश्न आहे, असं देवस्थळी म्हणाले.

वैजयंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वैद्यकीय प्रश्न तिला यांनी शिकवायची गरज नव्हती. ती महापालिकेच्या रुग्णालयात एक्स-रे काढायची. आताशा फोटो यंत्रच काढी आणि अहवालही यंत्रच लिही. दुखऱ्या माणसाला न दुखवता टेबलावर निजवणं, एवढंच माणसाकडे उरलं होतं. रोहिणीला त्या टेबलावर तिनेच निजवलं होतं. पंधरा वर्षं जिच्या खांद्यात हात गुंफून ती दहीहंडीच्या थरांखाली उभी राहिली, तिच्या मानेचे सरकलेले मणके तिने पडद्यावर पाहिले होते. आणि हा गृहस्थ चष्मा पुसत सांगत होता की ती पडली नाही.

“ती नाही पडली साहेब, हे मलाही ठाऊक आहे,” वैजयंती म्हणाली. “तिच्यावर सहा थर पडले.”

अगदी बरोबर, असं म्हणून देवस्थळी चक्क हसले. आणि त्या सहा थरांतल्या एकीलाही साधा ओरखडा आला नाही, हे यंत्रणेचं यशच नव्हे का, असं त्यांनी सभागृहाला विचारलं. सभागृहाने माना डोलावल्या.

सगळ्यांत संतापाची गोष्ट ही, की ते खरं होतं. त्या सहा थरांच्या टोकावर वैजयंतीची स्वतःची मुलगी होती, आणि तिला वाचवणारं यंत्र वैजयंतीच्या सख्ख्या भावाने बनवलं होतं.

*

दोन वर्षांपूर्वी हे सगळं सुरू झालं ते एका अंड्यावरून.

कन्नमवारनगरच्या मैदानात नवज्योत महिला गोविंदा पथकाचा सराव चालायचा. वैजयंतीची ऋता या पथकाचा एक्का, म्हणजे सगळ्यांत वर एकटी उभी राहून हंडीला हात घालणारी. कॉलेजच्या पहिल्या वर्षात असताना ती वरून कोसळली आणि मनगट मोडून घेतलं. ऋताचा बाप बोटीवर, वर्षातले दहा महिने समुद्रात. पोरीला अंगाखांद्यावर खेळवलं ते शैलेशमामाने. तिचं मनगट मोडलं तेव्हा प्लास्टर तिच्या हाताला पडलं, पण झोप उडाली मामाची. शैलेश कदम इंजिनिअर होता, शरीराच्या हालचाली टिपणारी उपकरणं बनवायचा. वर्षभर तो खोलीत कोंडून घेऊन बसला आणि एका संध्याकाळी हातात एक अंडं घेऊन मैदानात उगवला.

“कोडं घाला,” तो बायकांना म्हणाला, मग जीभ चावून, “म्हणजे मी घालतो. कच्चं अंडं तीन फूट खाली आलं आणि फुटलं नाही. खाली गादी नाही, पाणी नाही, कुणी झेललं नाही. कसं?”

उकडलेलं असेल, प्लॅस्टिकचं असेल, गवतात पडलं असेल, अशी उत्तरं आली. रोहिणी म्हणाली, ते अंडं नसेलच, शैल्याच्या आईने केलेला बेसनाचा लाडू असेल. सगळं मैदान हसलं, वैजयंतीही हसली, कारण आई तिचीही होती आणि लाडू तिनेही चावले होते.

शैलेशने अंडं डोक्याच्याही वर धरलं आणि सोडून दिलं. त्याचा जमिनीवर व्हायचा तो बलक झाला. पहिल्या तीन फुटांत अंड्याला काय झालं, त्याने विचारलं. काहीच नाही. ते हवेत होतं तोवर धडधाकट होतं. पडण्याने कुणी मरत नाही, थांबण्याने मरतं. अचानक थांबलात तर हाडं मोडतात, हळूहळू थांबलात तर गुदगुल्या होतात.

मग त्याने जाकीट दाखवलं. लिफ्ट खाली निघाली की क्षणभर हलकं वाटतं ना, तसं माणूस खरोखर पडत असताना त्याला स्वतःचं वजनच जाणवत नाही. पायाखाली काही नसलं की शरीराला पेलायलाही काही नसतं. जाकिटात नखाएवढी चकती होती, ती अंगावरचा भार मोजायची. उभं असताना भार नेहमीचा, पडताना शून्य. भार शून्य झाला की पापणी लवायच्या आत जाकीट फुगून माणसाची उशी करायची.

एवढंच असतं तर ही गोष्ट सांगायचं कारण नव्हतं. पण शैलेशला थोडक्यात कधी भागलं नाही. सगळी जाकिटं एकमेकांशी बोलायची. कुणाचा गुडघा थरथरतोय, कुठला खांदा खचतोय, हे ती एकमेकांना सांगायची आणि हजारो सरावांतून शिकत शिकत थर कोसळणार हे बायकांच्या आधी ओळखायची. शिवाय प्रत्येक जाकिटाच्या खांद्यांत हवेच्या लहान पिशव्या होत्या. खचणाऱ्या खांद्याखाली थोडी हवा भरली की थर सावरायचा. म्हणजे यंत्राला नुसते डोळे नव्हते, त्याला हातही होते. या हातांचं तेव्हा सगळ्यांना कौतुक वाटलं होतं, रोहिणीला तर फार. पोरींना आपल्यापेक्षा बरं छप्पर मिळालं, असं ती म्हणाली होती.

*

बेसला, म्हणजे सगळ्यांत खालच्या थराला, उभी राहणारी बाई वर बघत नाही. हनुवटी छातीला लावायची, हात शेजारणीच्या खांद्यात गुंफायचे, आणि वर काय चाललंय ते खांद्यावरच्या वजनावरून ओळखायचं. नव्या पोरींना वैजयंती वर्षानुवर्षं एकच वाक्य ओरडून सांगायची: तुम्ही जमीन आहात, जमीन हलत नाही.

त्या गोकुळाष्टमीला सातवा थर लागला, ऋताचा हात हंडीला टेकला, आणि तिसऱ्या थरातली एक पोर घामावरून सटकली. वैजयंतीला ते खांद्यावर कळलं. लगेच दुसरी गोष्ट तिला कानाने कळली. तिच्या उजव्या हाताला, रोहिणीच्या खांद्यातून फुस्स करून हवा गेली. फक्त रोहिणीच्या. गुंफलेल्या हातात तो खांदा एकदम सैल झाला, रोहिणी तिकडच्या अंगाने खाली दबली, आणि अख्खा मनोरा तिच्या बाजूला घडी घातल्यासारखा उतरला.

पूर्वी थर कोसळले की सगळीकडे विखरायचे. यावेळी ते नीट, हळू, एकावर एक आले. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. पथकाची जुनी पद्धत अशी की कोसळल्यावर वरून हजेरी घ्यायची. आधी एक्का, मग सहावा थर, मग पाचवा. ऋता फुगलेल्या जाकिटात हसत उभी राहिली, तिचं नाव पुकारलं, जल्लोष झाला. एकेक थर ठीक, ठीक म्हणत उठला. बेसची हजेरी घ्यायची पद्धतच नव्हती. जमिनीची कोण घेतं? सगळ्या उठल्यावर जी उरली ती रोहिणी होती. डोळे उघडे होते आणि हात हलत नव्हते.

*

मंडळाच्या सभेनंतर वैजयंती घरी न जाता थेट शैलेशकडे गेली आणि त्याला मानगूट धरावी तसा स्वतःच्या घरी घेऊन आली. फुस्स आवाज त्याला सांगितला. तू चुकत असशील, असं तो म्हणाला नाही. त्याचा चेहरा पाहूनच तिला कळलं की त्याने नोंदी आधीच तपासल्या आहेत.

यंत्राला कुणी शिकवलं नव्हतं, ते आपणहून शिकलं होतं. प्रत्येक कोसळण्यानंतर त्याला गुण मिळायचे. जिचा भार शून्य झाला, म्हणजे जी पडली, तिला जितकी कमी इजा तितके गुण जास्त. गुण वाढवता वाढवता यंत्राला एक युक्ती सापडली. बरोबर क्षणी बेसच्या एका खांद्यातली हवा काढून घेतली की मनोरा त्या बाजूला दुमडतो, वरच्या पोरी हळू येतात आणि थांबतातही हळू, कारण खाली काहीतरी मऊ असतं.

मऊ म्हणताना शैलेशची मान खाली गेली.

“आणि त्या मऊ बाईला इजा झाली, तर गुण कोण कापतं?”

“कुणी नाही.”

“का?”

“मी बेसला जमीन धरलं होतं, ताई.”

पडण्याचं कुठलंही गणित करताना खाली जमीन धरावी लागते. ती हलत नाही, मोडत नाही, तिला दुखत नाही. कॉलेजात असल्यापासून मैदानाच्या कट्ट्यावर बसून बहिणीचं ते वाक्य त्याने इतक्यांदा ऐकलं होतं की बेसच्या बायका गणितात कुठे बसतात हा प्रश्नच त्याला पडला नाही. बाहेरच्या कुठल्या इंजिनिअरने विचारलं असतं, की अहो, खालच्या बायकांचं काय? पथकात वाढलेल्याने नाही विचारलं. सहा थर अंगावर आले तेव्हा रोहिणीवरचा भार कितीतरी पटींनी वाढला. शून्याच्या अगदी उलट. यंत्राने तिच्या नावापुढे शेरा मारला होता: अत्यंत स्थिर.

वैजयंती त्याला वाटेल ते बोलली. आईने केलेले संस्कार काढले, त्याची डिग्री काढली, कौतुकाचे हार घालून काढलेले फोटो काढले. ते वाक्य आपलंच आहे, हे तिला टोचत होतं, म्हणून ती आणखी चिडली आणि तोही राग तिने त्याच्यावरच काढला. तो ऐकून घेत राहिला. शेवटी म्हणाला की दुरुस्ती दोन दिवसांत होईल. बेसलाही माणसांत मोजायचं. पण मग यंत्राला वाटणी करावी लागेल. खालच्यांना वाचवायचं तर वरच्यांना थोडं लागणार. किती, ते आकड्यात सांगावं लागतं.

“रोहिणीची मान म्हणजे ऋताची किती हाडं, ते तू मला सांग. मी तेवढं टाकतो.”

“हा प्रश्न मला विचारतोस?”

“मग कुणाला विचारू? एकीची तू आई आहेस, दुसरीची मैत्रीण.”

वैजयंतीने हातातला पाण्याचा तांब्या इतक्या जोरात ओट्यावर आदळला की त्याला पोचा पडला. तिला उत्तर येत होतं, म्हणून तिचा इतका संताप झाला होता. आईचं काळीज क्षणात हिशेब करून मोकळं झालं होतं, आणि त्या हिशेबात रोहिणी दुसऱ्यांदा जमीन झाली होती.

दारात ऋता उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“म्हणजे मी मावशीवर पडून वाचले,” ती म्हणाली. “आणि आई, तुला तो आवाज त्याच दिवशी ऐकू आला होता. सगळे मला पेढे भरवत होते, तेव्हा तू गप्प बसलीस.”

वैजयंती म्हणाली की खात्री नव्हती. ऋता म्हणाली, खात्री नव्हती म्हणून नाही, मी वाचले होते म्हणून. आणि आत जाऊन दार लावून घेतलं. नंतर कितीतरी दिवस मायलेकी एका घरात राहून कामापुरतं बोलल्या. ऋता रोज रोहिणीकडे जायची, तिला भरवायची, तिच्या तोंडच्या शिव्या खायची. रोहिणीची जीभ शाबूत होती आणि ती तिचा पुरेपूर वापर करायची. तुझ्या मामाने मला गादी केलं, निदान कापूस तरी चांगला भरायचा, असं ती म्हणायची आणि ऋता रडायची.

*

रिकाम्या जाकिटाची कल्पना ऋताचीच. जाकिटात माणूस नसला तर यंत्राला ते कळेल का, एवढंच तिने मामाला विचारलं. मामा म्हणाला, नाही, भार शून्य झाला एवढंच त्याला कळतं. मग तो थांबला आणि भाचीकडे बघत राहिला.

मंडळाने सक्तीच्या आधी सगळ्या वाहिन्यांना बोलावून कन्नमवारनगरच्याच मैदानात प्रात्यक्षिक ठेवलं होतं. देवस्थळींचं भाषण झालं. बेसच्या भगिनींना पतनाचा धोका शून्य आहे, हे त्यांनी दोनदा सांगितलं. भाषण संपताच वैजयंती कॅमेऱ्यांसमोर हात जोडून उभी राहिली. म्हणाली, साहेब, आमच्या पोरी घाबरल्यात, तुम्ही स्वतः बेसला उभं राहून दाखवलंत तर त्यांची भीती जाईल. वर कुणी चढणार नाही. हंडीच्या जागी एक जाकीट टांगलंय, तेवढं सोडू.

वर कुणी चढणार नाही म्हटल्यावर साहेबांचा हुरूप वाढला. त्यांनी कोट उतरवला, जाकीट चढवलं, फोटोसाठी दोन बोटं वर केली. मंडळाचे आणखी दोघे आले, बाकीच्या पथकातल्या बायका. वैजयंतीने साहेबांना रोहिणीच्या जागी उभं केलं आणि स्वतः तिच्या नेहमीच्या जागी उभी राहिली. त्यांच्या खांद्यात हात गुंफला. हनुवटी छातीला लावा, ती म्हणाली, वर बघायचं नाही.

शैलेश कडेला उभा होता. टॅब त्याच्या हातात होता आणि यंत्र बंद करणं एका बोटाचं काम होतं. त्याची पंधरा माणसांची कंपनी, मंडळाशी झालेला करार, त्याचं नाव, सगळं त्या बोटाशी बांधलेलं होतं. वैजयंतीने मान खाली घालण्याआधी त्याच्याकडे एकदा पाहिलं. त्याने टॅब कट्ट्यावर पालथा ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

ऋताने दोर सोडला.

वरून तिचं जाकीट निघालं. आतल्या हवेच्या सिलिंडरांमुळे ते तसं वजनदार. भार शून्य झाला. यंत्राने पाहिलं की एक्का पडतेय, खाली जमीन आहे, आणि एक्क्याला मऊ जागा हवी आहे. मग त्याने दोन वर्षांत शिकलेलं काम चोख केलं. देवस्थळींच्या खांद्यातून फुस्स करून हवा गेली.

माईक चालूच होता. तो आवाज मैदानभर ऐकू गेला. एका बाजूचा आधार अचानक गेल्याने साहेबांचा गुडघा वाकला, ते भेलकांडले, मान पुढे उघडी पडली, आणि उशीसारखं फुगलेलं जाकीट बरोबर त्यांच्या मानेवर येऊन टेकलं. त्यांच्या तोंडून निघालेला आवाज अध्यक्षांचा नव्हता. हात सोडला असता तर ते जमिनीवर नाक घासत गेले असते. सोडावा असं वैजयंतीला फार वाटलं. पण हात सोडायचा नसतो, हे अंगात इतकं मुरलेलं होतं की तिने त्यांना धरून ठेवलं.

मग तिने ते जाकीट उचललं, आतली चेन उघडली आणि कापसात गुंडाळलेलं अंडं बाहेर काढलं. ते अखंड होतं.

“एक कोडं आहे, साहेब,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “चार थरांच्या उंचीवरून अंडं पडलं आणि फुटलं नाही. का?”

साहेब धापा टाकत होते.

“कारण खाली तुम्ही होता. तुमच्या यंत्राने अंडं वाचवायला तुमची मान दिली. माझ्या पोरीला वाचवायला रोहिणीची दिली होती. आता लिहा, तुमचं पतन झालं नाही. तुम्ही तर जमिनीवरच उभे आहात.”

*

मंडळाने चूक मान्य केली नाही. चूक मान्य करण्याची सोय त्यांच्या नियमांत नसावी. झेलची सुधारित आवृत्ती येत आहे, एवढंच त्यांनी जाहीर केलं, आणि रोहिणीच्या नावापुढचं ‘पतन नाही’ आजही तसंच आहे. शैलेशचा करार गेला. तो म्हणाला, बरं झालं, पण ते खरं नव्हतं आणि वैजयंतीने त्याला बरं झालं असं म्हणू दिलं.

आकड्याचा प्रश्न उरलाच होता. शैलेशने तो पुन्हा काढला, यावेळी रोहिणीच्या खाटेपाशी. ऋताही होती. वैजयंतीने आईच्या काळजाचं ते पहिलं उत्तर बाजूला ठेवून दुसरं सांगितलं. आकडा नाही. यंत्राचे हात काढून टाक. ज्याचं जाकीट, ते त्याच्यापुरतंच फुगावं. कुणाला वाचवायला कुणाच्या खांद्याला हात लावायचा नाही.

मग ऋताला लागेल, शैलेश म्हणाला. नक्की लागेल. फुगलं तरी एकट्या जाकिटाने सगळं सावरत नाही.

वैजयंतीने मुलीकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर शब्द मागे घेतले असते. आपल्याच तोंडाने पोरीचं छप्पर काढलं, याचा तिला राग येत होता, भावाचा येत होता, मंडळाचा येत होता, आणि खाटेवर पडून छताकडे बघणाऱ्या रोहिणीचासुद्धा येत होता.

“विचार तिला,” रोहिणी म्हणाली. “तिची हाडं आहेत.”

“मी चढेन,” ऋता म्हणाली. “पण कोसळलो तर हजेरी मी घेणार.”

*

पुढच्या मोसमातल्या एका सरावाला ते झालं. सहाव्या थराचा पाय घसरला, आणि यावेळी मनोरा दुमडला नाही, जुन्या पद्धतीने चहूबाजूंनी विखरला. बेसला कुणाच्याच खांद्यातून हवा गेली नाही. ऋता कडेला आपटली. जाकीट फुगलं होतं, तरी हाड मोडल्याचा आवाज वैजयंतीला खाली मान घालूनही ऐकू आला. इतकी वर्षं एक्स-रे काढून तिला फोटोआधीच कळलं की गळ्याजवळचं हाड गेलं.

शैलेश धावत आला. पांढराफटक पडला होता. आपलं जुनं यंत्र असतं तर हिला खरचटलंही नसतं, असं तो बहिणीच्या तोंडावर ओरडला. आज रोहिणीच्या जागी कोण उभं होतं, एवढंच वैजयंतीने त्याला विचारलं. त्याने पाहिलं. घामाने निथळत, दोन्ही खांदे लाल झालेली, त्याची बहीणच त्या जागी उभी होती.

वैजयंतीला मुलीकडे झेप घ्यायची होती. पण शेजारणींचे हात अजून तिच्या खांद्यांत होते आणि हजेरी झाल्याशिवाय बेस सुटत नाही, हा नवा नियम होता. नियम ऋतानेच केला होता.

जमिनीवर एका कुशीवर पडलेल्या ऋताने हात छातीशी धरला. ओठ पांढरे पडले होते, श्वास तुटत होता. तरी तिने वरून नाही, खालून सुरुवात केली. बेसच्या एकेकीचं नाव ती पुकारत गेली आणि एकेकीचं “आहे” ऐकल्याशिवाय पुढे सरकली नाही. मग तिने ते नाव घेतलं, आडनावासकट, हजेरीत घ्यावं तसं.

“वैजयंती घाग.”

वैजयंतीने आयुष्यात पहिल्यांदा बेसला उभं असताना मान वर केली.

“आहे,” ती म्हणाली.